बिनअक्षरी नाना

आमच्या साप्ताहिकात लोक आवडीने वाचत असं एकच होतं, आणि त्यात वाचायला एक अक्षरही नव्हतं. पहिल्या पानाच्या तळाला तीन चौकोन असत, तीन चौकोनांत मिळून एक गोष्ट. बाजाराच्या दिवशी अंक निघाला की जळगावची सुशिक्षित मंडळी तो हातात घेत, तळाचे चौकोन वर येतील अशी घडी घालत, हसत, आणि घडी न उलगडताच अंक शेजाऱ्याच्या हातात देत. घडीच्या आत दुसऱ्या पानावर माझा अग्रलेख असे. तो लिहिताना मी किती घाम गाळतो हे मला माहीत होतं आणि माझ्या बायकोला माहीत होतं. तिला ते माझ्या तोंडून ऐकून माहीत होतं. वाचून नव्हे.

मी धुळ्याहून इथे सहसंपादक म्हणून आलो तेव्हा माझा समज असा होता की खानदेश झोपलेला आहे आणि त्याला जागं करायला कोणीतरी हवं आहे. मालकांचा समज असा होता की दुसरं पान रिकामं राहतं आणि ते भरायला कोणीतरी हवं आहे. दोघांचं जमलं.

ते चौकोन कोरणारे गृहस्थ म्हणजे नाना. जातीचे सुतार, राहायला पिंप्राळ्याला. तेव्हा पिंप्राळा म्हणजे वेगळं गाव, तिथून ते रोज पायी येत. आधी जिनिंगवाल्यांसाठी लाकडी छाप कोरायचे. कापसाच्या गठाणीवर मारायचे नाव, आकडा, एखादा मोर किंवा कमळ. आमच्या छापखान्यात ते एका केशतेलाच्या जाहिरातीतली बाई कोरायला आले आणि बाई कोरून झाल्यावर परत गेलेच नाहीत. मालकांनीही त्यांना जा म्हटलं नाही. चित्रांचे ब्लॉक मुंबईहून करून आणण्यापेक्षा सुतार स्वस्त पडतो हे मालकांना कळत होतं. कलेची कदर आमच्याकडे अशीच व्हायची.

त्यांची कामाची तऱ्हा पाहण्यासारखी होती. छापखान्याच्या ओट्यावर लिंबाखाली ते फतकल मारून बसत. पुढे शिसवीचा एक ठोकळा. त्यावर आठवड्याची गोष्ट कोरायची, अंक छापून झाला की रंधा मारून ती साफ पुसायची आणि त्याच लाकडावर पुढच्या आठवड्याची. केलेल्या कामाची माया म्हणून नाही. मी माझे अग्रलेख कापडी पुठ्ठ्यात बांधून ठेवत होतो आणि हा माणूस दर आठवड्याला आपली कीर्ती रंध्याने सोलून काढत होता. लाकडाचा कीस शेजारची म्हातारी चुलीला नेत असे.

आता ठोकळा असा दर खेपेला पातळ होत गेला तर तो खिळ्यांच्या उंचीला कसा येणार? आणि खिळ्यांच्या बरोबरीला आला नाही तर त्यावर शाई लागणार नाही, म्हणजे चित्र उठणार नाही. खिळे म्हणजे आमची छपाईची शिशाची अक्षरं. तर त्यासाठी नाना ठोकळ्याखाली कागदाच्या घड्या डकवत. लाकूड जितकं उतरे तितकी खालची कागदाची गादी चढे. लाकूड पापडासारखं झालं की नवा ठोकळा आणि नवी गादी. गादीला कागद लागे तो माझ्या अग्रलेखाची प्रुफं. मंगळवारी प्रुफं निघत, मी ती तपासून टाकून देई, आणि नाना ती उचलून नेत. मला वाटे, चला, कुणीतरी नेतो तरी.

त्यांच्या गोष्टीतला माणूस कायम पाठमोरा. डोक्यावर पगडी, काखेत छत्री, अंगरख्याला पाठीवर एक ठिगळ. पाच-सहा वर्षांत त्याचं तोंड कुणी पाहिलं नाही. गावाने त्याचं नाव पाठमोरे ठेवलं. तोंड का दाखवत नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर पटाशी न थांबवता नाना म्हणाले, "तोंड काढं तर लोके म्हनतीन, हाऊ अमका शे. पाठ काढी तर जो तो म्हनस, हाऊ मीच शे."

आणि शब्द का नाहीत? खाली एखादी ओळ, एखादं वचन, निदान 'अरेरे'?

"शब्द मझार शेतस, भाऊ."

म्हणजे शब्द आत आहेत. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आमच्या सुताराला आता वेदान्त सुचायला लागला आहे. ती म्हणाली, "या वेळचं पाठमोऱ्याचं फार छान होतं हो." मी ताट बाजूला सारलं.

माझा खरा राग निराळाच होता. हा माणूस माझे विषय पळवत असे. एकदा नगरपालिकेने मोठ्या थाटाने नळ बसवला आणि पाणी सोडायचं राहून गेलं. मी अडीच रकाने लिहिले, मथळा 'नळयोजना आणि नागरिकांचे कर्तव्य'. त्याच अंकात नानांचे तीन चौकोन. पहिल्यात पाठमोरे नळाला हार घालताहेत. दुसऱ्यात नळापुढे घागर ठेवून उभे आहेत. तिसऱ्यात हार सुकलाय, सावली या बाजूची त्या बाजूला गेलीय, आणि नळाच्या तोंडावर बसलेली चिमणी मान वाकडी करून आत पाहतेय. गाव आठवडाभर त्या चिमणीवर बोलत होतं. नागरिकांच्या कर्तव्याबद्दल कुणीही एक शब्द काढला नाही.

इतक्या वर्षांनी आता कबूल करायला हरकत नाही. तिसऱ्या चौकोनात नानांनी पाठमोऱ्यांचा उजवा खांदा एका रेघेने खाली आणला होता. फक्त एक रेघ, नखाएवढी. त्या लेखात मी 'निराशा' हा शब्द सात वेळा लिहिला होता. पुढे एकदा कुणी साहेब दौऱ्यावर येऊन न थांबताच निघून गेला, तेव्हा नानांनी तिसऱ्या चौकोनात मोटार काढलीच नाही. वाकून मुजरा करणारे पाठमोरे, कमानीची आंब्याची पानं खाणारी शेळी, आणि रस्त्यावर धूळ. ती धूळही कोरलेली नव्हती. शिसवीच्या अंगच्या रेषा तिथे होत्या, तेवढ्या तशाच राहू दिल्या होत्या. कुठे हात लावायचा नाही हे त्या माणसाला कळत होतं. मला ते कळायला पुढे पाचोऱ्यापर्यंत जावं लागलं.

नानांची एक सवय सबंध छापखान्यात थट्टेचा विषय होती. दुपारी भाकरी खाऊन झाली की ते प्रुफाचा कागद घेत, उलटा करत, म्हणजे कोरी बाजू आपल्याकडे, आणि उन्हाला धरून बराच वेळ त्याकडे पाहत बसत. कधी नखाने त्यावर खूण करत. मला वाटे, कागदाची जाडी पाहतात. एकदा मी म्हटलं, "नाना, तिकडून नाही, इकडून असतं वर्तमानपत्र." सगळे हसले. नानाही हसले.

आणि मग ते पाठीचं प्रकरण झालं.

नगरपालिकेचे अध्यक्ष एका सकाळी आमच्या कचेरीत आले. बरोबर त्यांचा शिंपी. अध्यक्षांनी अंक मालकांपुढे टाकला आणि म्हणाले, "ही माझी पाठ आहे."

मालक उठून उभे राहिले. "कशावरून, साहेब?"

"याला विचारा. वीस वर्षं माप घेतोय."

शिंपी बिचारा अंकाकडे पाही, अध्यक्षांच्या पाठीकडे पाही आणि गळ्यातली मापाची पट्टी चाचपी. त्यात गंमत अशी की दाणाबाजारातले एक शेठजी आधीच चारचौघांत सांगत फिरत होते की पाठमोरे म्हणजे आपणच, आणि त्याबद्दल त्यांनी पेढेही वाटले होते. पण शेठजींच्या हातात नगरपालिकेच्या छपाईची कामं नव्हती. मालकांनी नानांना आत बोलावलं.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग अध्यक्षांना अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, तुमनी पाठ तुम्ही कव्हय दखी?"

अध्यक्षांचा हात नकळत मागे पाठीकडे गेला. आपली पाठ त्यांनी कधी पाहिलेली असणं शक्य नव्हतं. शिंपी भिंतीकडे तोंड करून खोकू लागला. त्याचं ते खोकणं अध्यक्षांना जास्त झोंबलं असावं. जाताना ते म्हणाले, "एक तर खाली छापा की हा मी नव्हे, नाही तर ही चित्रं बंद. आणि दोन्ही होणार नसेल तर आमची कामं दुसऱ्या छापखान्यात जातील."

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मला आनंद झाला. मी ताबडतोब मजकूर तयार केला: 'वरील व्यक्ती काल्पनिक असून तिचा मा. नगराध्यक्षांच्या पाठीशी कोणत्याही प्रकारे संबंध नाही.' असा मजकूर छापल्यावर गावात उरलेल्यांनाही ती पाठ कुणाची ते कळलं असतं हे माझ्या ध्यानात आलं नाही. नाना म्हणाले, चित्राखाली शब्द येणार नाहीत. मालक दोन-तीन दिवस काकुळतीला येऊन विनवत होते. दहा जण हाताखाली होते, कामं गेली असती तर त्यातले चार घरी बसले असते. नाना जागचे हलले नाहीत. "शब्द मझार शेतस," एवढंच.

तेव्हा मी ते केलं. मी मालकांना म्हटलं, "यांना शब्द नकोत, कारण यांना शब्द येतच नाहीत. गृहस्थ निरक्षर आहेत." आणि टेबलावरचा अंक उचलून नानांच्या हातात दिला. "वाचा, नाना. कुठलीही एक ओळ."

नानांनी अंक हातात धरला. डोळे बारीक केले. ओठ हलले, पण शब्द काही निघाला नाही. मग नेहमीच्या सवयीने त्यांनी पान उलटं केलं आणि खिडकीतल्या उजेडाला धरलं. मी खो खो हसलो. नाना पान तसंच उजेडाला धरून म्हणाले, "हाई दोन्हीकडथून छापेल शे."

"वर्तमानपत्र दोन्हीकडून छापतात, नाना," मी म्हटलं. "म्हणूनच त्याला वर्तमानपत्र म्हणतात."

मालक खजील झाले. आपल्या पहिल्या पानावर इतकी वर्षं एक निरक्षर माणूस बसला होता याची त्यांना लाज वाटली, का लाज वाटण्याची सोय झाली म्हणून बरं वाटलं, देव जाणे. नानांनी पगडी नीट केली. त्या आठवड्याचा ठोकळा कोरून मशीनवर चढलेला होता, तो तेवढा छापा म्हणाले, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि गेले.

ते शेवटचे तीन चौकोन असे होते. पहिल्यात पाठमोरे रस्त्याने निघालेत. दुसऱ्यात लांब गेलेत, अंगठ्याएवढे. तिसऱ्यात नुसता रस्ता. म्हणजे तो ठोकळा प्रकरण तापल्यावर कोरलेला होता, आणि आम्ही त्यांना काढायच्या आधीच नाना मनाने निघालेले होते.

पुढच्या आठवड्यापासून त्या जागी माझा अग्रलेख सुरू झाला. पहिलं पान! मी बायकोला अंक नेऊन दाखवला. तिने तळाकडे पाहिलं आणि विचारलं, "पाठमोरे आले नाहीत अजून?" सगळं गाव हेच विचारत होतं. बाजारात लोक अंक घेत, घडी घालत, माझा मथळा पाहत आणि अंक परत ठेवत. अंकाचे गठ्ठे कचेरीत साठू लागले. आमचे जुने खिळे जुळवणारे आबा फार मितभाषी गृहस्थ, तेही एकदा म्हणाले, "भाऊ, आता उंदीर तेवढे वाचताहेत."

चार-सहा महिन्यांनी मालकांनी नानांचा ठोकळा मोडीत काढायला सांगितला. शिसवीचं लाकूड, काही तरी होईल. खालची कागदाची गादी सुटेना म्हणून आबांनी ती पाण्यात भिजत घातली. दुपारी एकेक थर सुटू लागला आणि मी सहज पाहायला गेलो. सगळे माझेच अग्रलेख. मनात म्हटलं, वा, इतकी वर्षं नानांचं चित्र मी खालून उचलून धरत होतो, आणि कौतुक सगळं वरच्याचं.

मग मला खुणा दिसल्या. प्रत्येक प्रुफावर कुठे ना कुठे नखाने ओढलेली रेघ. गठाणीच्या गाडीखाली बैल बसला तेव्हाच्या लेखात 'बैलाला मात्र भावाची तेजी-मंदी समजत नाही' या वाक्याखाली. त्या आठवड्याचे चौकोन मला आठवले. तेच, तेवढंच, तीन चौकोनांत. मी माळ्यावर चढलो. तिथे जुन्या गाद्या पडल्या होत्या, त्याही भिजवल्या. नळाचा लेख सापडला. दुसऱ्या रकान्याच्या शेवटी माझं एक वाक्य होतं, मी स्वतः ते विसरून गेलो होतो: 'आता त्या तोटीत चिमण्यांनी घरटे केले म्हणजे योजना सफल झाली.' त्याखाली नखाची रेघ.

"आबा," मी म्हटलं, "हे कुणी केलं?"

"नानांनी."

"त्यांना वाचता येत नव्हतं."

आबा हातातले खिळे खाली ठेवून माझ्याकडे वळले. "येत होतं की. उलटं येत होतं. गठाणीचे छाप उलटे कोरावे लागतात, तेव्हा उठल्यावर ते सुलटे होतात. अक्षर ते तिथे शिकले. उरलेलं मी शिकवलं, माझ्या या खिळ्यांवरून. खिळाही उलटाच. सुलटं अक्षर त्यांना कुणी शिकवलंच नाही. तुमचं प्रूफ एका बाजूनेच छापलेलं असतं, ते पालथं करून उजेडाला धरलं की त्यांना स्वच्छ वाचता यायचं."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी तुम्ही अंक दिलात. दोन्ही बाजूंनी छापलेला. उजेडाला धरल्यावर दोन पानं एकात एक दिसणार. कोण वाचील?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं?" आबा म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले.

सबंध खानदेशात माझा एकच वाचक होता. ओळीन्‌ओळ वाचणारा, त्यातलं सोनं तेवढं वेचणारा. शब्द मझार शेतस. आत, दुसऱ्या पानावर, माझे. आणि तो एकुलता एक वाचक मी वाचता येत नाही म्हणून घालवला होता.

नाना तेव्हा पाचोऱ्याला जावयाकडे होते. मी दुसऱ्या दिवशी गाडी पकडली. निघताना त्या आठवड्याच्या अग्रलेखाचं प्रूफ खिशात घातलं, का ते सांगता येणार नाही. नाना अंगणात बैलगाडीच्या चाकाला आरा बसवत होते. मला पाहून घोंगडी झटकून टाकली, आत हाक मारून चहा सांगितला. मी सगळं बोललो. चुकलो म्हणालो. आयुष्यात फार वेळा म्हटलेला शब्द नव्हे, त्यामुळे नीट जमला नाही. परत चला म्हणालो. अध्यक्षांचं मी बघतो, चित्राखाली शब्द घालणार नाही, पाठमोरे परत आणा.

नानांनी आरा ठोकून बसवला, हलवून पाहिला. "तो गया ना, भाऊ. गाव दखी राहिंतं, तसा गया. आते कोठून आनू?"

गावादेखत गेला म्हणाले, त्यात रुसवा नव्हता. तिसऱ्या चौकोनात रिकामा रस्ता काढून झाला होता, तो खोडता येत नव्हता, एवढंच. चहा झाला. मग त्यांनीच माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. "काय शे ते?"

मी प्रूफ दिलं. त्यांनी ते पालथं केलं, दाराबाहेर उन्हाला धरलं आणि वाचू लागले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलो. परीक्षेच्या निकालाला मी इतका घाबरलो नव्हतो. नवव्या ओळीशी त्यांचं नख थांबलं. आडवी रेघ ओढली.

"चांगलं शे," ते म्हणाले. "आठे थांबनं व्हतं."

इथे म्हणजे नवव्या ओळीशी; खाली अजून दोन रकाने होते. गाडीत मी ते पुन्हा पुन्हा वाचले, आणि प्रत्येक वेळी मला ती रेघ पटत गेली. त्या आठवड्याचा अग्रलेख नऊ ओळींचा निघाला, आणि मी तो पुन्हा आत दुसऱ्या पानावर नेला. त्यात अध्यक्षांचा उल्लेखसुद्धा नव्हता. विषय होता भरताची वांगी.

मालकांनी विचारलं, "पहिल्या पानाची खालची जागा उरतेय. काय टाकायचं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तीन चौकोन आखा आणि कोरे सोडा."

बाजाराच्या दिवशी लोकांनी अंक घेतला, नेहमीसारखी घडी घातली आणि कोऱ्या चौकोनांकडे पाहत राहिले. मग, आबांनी स्वतः पाहून सांगितलं म्हणून मी विश्वास ठेवतो, काहींनी घडी उलगडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष आले. या वेळी शिंपी नव्हता. त्यांनी अंक माझ्यापुढे टाकला, रिकाम्या चौकोनांवर बोट आपटलं आणि म्हणाले, "हे माझ्यावरच आहे ना?"

मी म्हटलं, "हो साहेब. बसा."